गेनबांचं एकट्याचं चरित्र

विंझरची प्रगती लोकांसाठी लिहायची. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, सत्काराची भाषणं. शब्द हिचे, नाव भलत्याचंच. त्यामुळे इंद्रजितनं वडिलांच्या, गेनबांच्या, पंचाहत्तरीची पुस्तिका लिहायला सांगितली आणि वर 'शब्दांकन : प्रगती' छापायचं कबूल केलं, तेव्हा पोरगी हवेतच होती.

पण हा इंद्रजित म्हणजे! काम सांगताना सारखे फोन, मजकूर पाठवला की गडप. "आईंबद्दल काय लिहू?" एवढंच तिनं विचारलेलं. उत्तर नाही. फोन केला तर म्हणे, "मीटिंगमधी हाय." कसली डोंबलाची मीटिंग? नसरापूरला चहा ढोसताना तिनं त्याला एसटीतून पाहिला! इकडे छापखानेवाल्यानं बजावलेलं, उद्या मजकूर आला नाही तर कार्यक्रमाआधी पुस्तिका मिळणार नाही.

मग प्रगतीचं डोकं फिरलं. इंद्रजितनं तिला त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर घेतलेलं, पण तिथं प्रश्न टाकला तर कुणी ढुंकून बघत नाही. पत्रिकेत एक चूक टाका, अख्खी भावकी अंगावर येते, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं सरळ ग्रुपवर लिहून टाकलं : 'गेनबांनी एकट्यानं गुरं राखली, एकट्यानं संसार उभा केला.'

चहा उकळायच्या आत फोन वाजला. सून रत्नानं ग्रुपवरचा मजकूर वाचून दाखवला होता, आणि पलीकडून खुद्द इंद्रजितची आई, बाळाबाई, कडाडल्या, "अगं ए लिवणारे, म्या मेले व्हय?"

"न्हाई हो आजी, तसं..."

"एकट्यानं म्हनं! वाघरानं वासरू धरलं तवा काठी घिऊन कोन धावलं? ह्ये तर माळ्यावर चढून बसल्यालं. लिव!"

प्रगती लिहीत गेली. डोक्यावर दुधाची किटली घेऊन उतरलेला डोंगर, गोठ्यातच झालेला इंद्रजितचा जन्म. शेवटी बाळाबाई म्हणाल्या, "आजवर कुनी इचारलंच न्हाई बग." प्रगतीनं तेही लिहून घेतलं. मागून गेनबा म्हणाले, "समदं खरं हाय पोरी. माळ्याचं तेवढं गाळ."

पुरा मजकूर गेला, आणि काय चमत्कार! इंद्रजितचं उत्तर लगोलग हजर : 'आईचं लई झालं. निम्मं काढा. लगेच कळवा.'

प्रगतीनं ते वाचलं. आपल्या नावाच्या वर तिनं एक ओळ घातली, 'सांगणार : बाळाबाई', आणि इंद्रजितला काहीएक न कळवता मजकूर छापखान्याला पाठवून दिला.