सासऱ्यांचा सोमवार

माझ्या सासऱ्यांइतका मर्यादशील आंदोलक ठाणे जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. सापगावचा भातशेती करणारा हा साधा माणूस. मुरबाडच्या ज्या कारखान्यात मी लेथवर होतो, तिथे पाइपांच्या जोडीने तोफगोळ्यांची कवचं बनायला लागली, ही बातमी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कधीतरी त्यांच्या कानावर गेली. त्यांनी दर सोमवारी एस.टी.ने येऊन आमच्या फाटकात बसायचं ठरवलं. सासरा फाटकाबाहेर, जावई फाटकाच्या आत, आणि मधल्यामध्ये आमच्या हिची झोप उडालेली. "माझ्या बापापायी तुमची नोकरी जाणार," असं म्हणत ती रडायची आणि सोमवारी सकाळी बापासाठी वेगळा डबा भरायची.

युद्धाबद्दल मामांचं (सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो) स्वतःचं एक मत होतं. "भांडायला माजी ना नाय," ते म्हणत. "बांधावर उभं राहावं, शिव्या द्याव्या, वर्षभर बोलू नये. पन ज्याचं तोंड कदी बघितलं नाय, त्याला मारायचं ही कुठली रीत?" भांडणाची त्यांना हौसच होती. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून त्यांचं एक भांडण माझ्या लग्नाआधीपासून चालू होतं. त्या शेजाऱ्याला एकदा जोराचा ताप भरला, तेव्हा मामांनीच त्याला टेम्पोत घालून शहापूरला दवाखान्यात नेलं. टेम्पोत भांडण चालूच होतं म्हणे.

कारखान्याची पाठराखण करणारे एक पुढारी होते. मामा त्यांच्या ओटीवर जाऊन बसले आणि त्यांनी पाणी नाकारलं. दारी आलेल्याने पाणी नाकारणं म्हणजे आमच्याकडे घराला बट्टा. दुपारपर्यंत पुढाऱ्यांची म्हातारी आई रडकुंडीला आली. मामांना काही ते बघवेना. ते उठले, मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले, तिच्या हातचा चहा प्यायले आणि तोंड पुसून पुन्हा ओटीवर तहानलेले बसले. "तिचा काय गुना?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

फाटकावरच्या पहिल्या सोमवाराची तर काय गंमत सांगावी! मामा धोतर सावरून रस्त्यात बसले, कामगार थबकले, साहेब खिडकीतून बघायला लागले. तेवढ्यात मी पोचलो. मला बघताच मामा टोपी नीट करत उठले आणि बाजूला झाले. "लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याला आडवू कसा? या जावयबापू." झालं! माझ्या मागचा लगेच ओरडला, "मामा, मी पन सापगावचाच जावय! खालच्या आळीचा!" गावचा जावई तो सगळ्यांचा जावई. मामांनी त्यालाही वाट दिली, वर लेकीची खुशाली विचारली. सोयरिकी सगळ्या आसपासच्याच. बघता बघता निम्मी पाळी जावई निघाली आणि उरलेली जावयांचे भाऊ. बाहेर राहिला एकटा आटगावचा बिनलग्नाचा फिटर. मामा त्याला म्हणाले, "तुजं लगीन जमत नाय तवर बस इथं माज्याशेजारी."

पुढच्या खेपेपासून त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि फक्त कवचं भरलेल्या लॉऱ्या अडवायला लागले. लॉरी कोणाची जावई नसते. सोमवारी माल निघेना, तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुमचेच सासरे ना? मग तुम्हीच उचला. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी फाटकाशी गेलो. लॉरी घरघरत उभी होती. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या साहेबांकडे बघितलं, आणि मी वाकायच्या आत स्वतःच उठले. "जावयानं सासऱ्याला उचलायचं, बरं दिसतं का ते? मी उठतो ना." लॉरी धूळ उडवत निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मामा बघत राहिले. ते इतके म्हातारे मला त्याआधी कधी वाटले नव्हते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवलाव का?"

मला एकदम भरून आलं. मागून दुसरी लॉरी येत होती. मी कंपनीच्या निळ्या कपड्यांतच मामांच्या जागेवर बसकण मारली. मामा घाबरले. "उठा, जावयबापू! नोकरी जाईल. माजी पोर काय खाईल?"

"बसा हो मामा," मी म्हटलं. "मला एकट्याला नाय जमणार."

नोकरी गेलीच. हिने बाप आणि नवरा दोघांशी अबोला धरला. मी मुरबाडच्या बाजारात एका वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पंपांची कामं करायला लागलो आणि सोमवारी सुट्टी घेऊन मामांशेजारी बसायला लागलो. मामांना जाऊनही आता काही वर्षं झाली. लॉऱ्या अजून निघतात. मी अजून सोमवारी जातो. शेजारी ते होते तोवर इंजिनाच्या घरघरीचं काही वाटत नसे. आता लॉरी जवळ यायला लागली, की मला फार भीती वाटते.