चीनवाली डॉक्टरीण

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण माझी शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे लिहिताना एखादा शब्द तिकडून उचलला गेला तर समजून घ्या. कोणावर लिहावं एवढी माझी तयारी नाही. पण जे समोरच्या घरातल्या ताईबद्दल लिहू शकले असते, म्हणजे तिचे आईवडील, ते कधी लिहिणार नाहीत. आणि गल्लीतले लोक तिला अजून चुकीच्या नावाने आठवतात. म्हणून धीर करतो.

दोन्ही तळहात समोर धरून, रिक्षा थांबवावी तसे, ती म्हणायची, "मी डॉक्टर नाही हो."

हे वाक्य तिला दिवसातून किती वेळा म्हणावं लागे, ते आमच्या गल्लीत राहिल्याशिवाय कळणार नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून चीनला जाणारा माणूस डॉक्टर व्हायलाच जातो. परसवाड्याच्या एका दुकानदाराचा मुलगा गेला, स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याची मुलगी गेली, दोघंही डॉक्टरकीला. ताई मात्र स्कॉलरशिपवर चिनी भाषा शिकायला गेली होती. चार वर्षांची डिग्री. तिचे वडील कोर्टात बाबू होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. पेढे वाटताना त्यांनी दारोदार हे नीट सांगितलं होतं. लोकांनी पेढे खाल्ले आणि भाषा विसरले.

कोपऱ्यावरची आजी एकदा शुगरचा रिपोर्ट पदराखाली घेऊन आली होती. तेव्हा मी तिथेच होतो.

"पाह्य नं बाई, शुगर किती निंघाली."

"आजी, मी डॉक्टर नाही हो. मी भाषा शिकते."

"कोनाची?"

"चीनच्या लोकांची."

"ते नाही शिकले काय अजून?"

"ते शिकले आजी. मी शिकून राहिले."

"बरं, बोलून दाखव."

ताईनं एक लांबलचक वाक्य म्हटलं. आजीनं मान तिरपी करून, डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे गोळी जेवनाच्या आधी घ्याची का नंतर?"

ताई खूप हसली. मग आजीला शेजारी बसवून तिनं रिपोर्ट वाचून दाखवला आणि सरकारी दवाखान्यात कोणत्या खोलीत जायचं ते सांगितलं. हीच तिची चूक झाली, असं काकू, म्हणजे तिची आई, पुढे म्हणत असे. पहिल्याच दिवशी आजीला हाकललं असतं तर लोकांना पटलं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीच्या सुट्टीत ती गोंदियाला चुलत बहिणीच्या लग्नासाठी म्हणून आली. खांद्यावर मावेल एवढी बॅग. रजाई, पुस्तकं, खिडकीतलं रोप, सगळं होस्टेलवर. लग्न झालं, आणि साथ आली. चीननं दरवाजे लावले. तिचं तिकीट रद्द झालं, मग विमानंच बंद झाली. तिची अर्धी डिग्री तिकडे राहिली आणि ती इकडे.

तिला परत जायचं होतं. तिच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर तुम्ही ही ठेवा. वर्ग मोबाईलवर चालू होते, पण तिकडे जाऊन शेवटची वर्षं पूर्ण केल्याशिवाय भाषा अंगात उतरत नाही, असं ती म्हणे. "इथे बसून मी चिनी बोलते, तिथे असले की मला चिनीत राग येतो," ती एकदा म्हणाली. रोज सकाळी वर्ग संपवून ती खाली आली की काका पेपर बाजूला ठेवून विचारत, "आलं का काही?"

"नाही बाबा."

"येईल. सरकारी काम आहे, वेळ लागतो."

आयुष्य कोर्टात गेलेला माणूस. तारीख मिळते यावर त्यांचा विश्वास होता.

माझी तिच्याशी ओळख झाली ती गच्चीमुळे. आमचं घर समोरच, टिनाचं. बाबा ऑटो चालवतात. टिनाखाली नेटवर्क येत नसे आणि माझं कॉलेजचं पहिलं वर्ष मोबाईलवरच सुरू झालं होतं. काकांनीच बाबांना म्हटलं, "पाठवा त्याला आमच्या गच्चीवर." माझे वर्ग दहानंतर असत. पण तिचा वर्ग आपल्याकडच्या साडेपाचला लागे, आणि मी हळूहळू तेव्हाच जाऊ लागलो. ती टाकीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मला काही समजत नसे. नुसतं ऐकायला बरं वाटे. कोणी तरी आपल्या गल्लीतून इतक्या दूरच्या माणसाशी बोलतंय आणि तो माणूस उत्तर देतोय, याचंच मला नवल होतं.

एक दिवस ती म्हणाली, "अरे, ऐकतोसच तर शिक ना."

मला शिकवायला तिनं वही आणली नाही. तिकडे म्हातारी माणसं बागेत लांब दांड्याच्या ब्रशनं, नुसत्या पाण्यानं, फरशीवर अक्षरं लिहीत बसतात म्हणे. लिहायचं आणि वाळू द्यायचं. तिनं रंगाचा जुना ब्रश काठीला बांधला, बादली घेतली आणि गच्चीच्या फरशीवर सुरू केलं. बालाघाटचं मार्चअखेरचं ऊन. अक्षराचा शेवटचा फटकारा मारेपर्यंत पहिला वाळून जाई. "म्हणून हात लवकर चालला पाहिजे," ती म्हणे. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी मावशी काही दिवस हे पाहत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

"काहून वं, सडा असा कोपऱ्या-कोपऱ्यात काहून टाकतं? पूरा टाक नं!"

आणि गरम पाणी. ताई भर उन्हातही गरम पाणी प्यायची. तिकडे सगळे तसंच पितात, तिला सवय लागली होती. गल्लीनं ते पाहिलं आणि ठरवलं की हा डॉक्टरांचा इलाज आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी लोक घाम पुसत पुसत गरम पाणी पीत होते. माझे बाबाही. ऑटोत थर्मास ठेवायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "चीनवाल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं."

नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "चिनी शिकलीय म्हणजे मंचुरियन छान येत असेल?" ताई शांतपणे म्हणाली, "आमच्या तिकडे ते मिळत नाही." स्थळ गेलं. काकू त्यावर रागावली नाही, पण भांडी घासता घासता माझ्या आईजवळ म्हणाली, "आमच्या तिकडे म्हणाली ती. ऐकलंस ना?"

साथीची दुसरी लाट आली तेव्हाची गल्ली तुम्हालाही आठवत असेल. तुमची असेल तशीच आमची. दारं बंद. डॉक्टर घरी येत नाहीत, दवाखान्यात जागा नाही, आणि जो दवाखान्यात जातो तो परत येत नाही अशी बातमी. कोणाला ताप आला की पहिली हाक काकांच्या फाटकाशी.

"डॉक्टरीनबाई, जरा पाहून घ्या नं."

ती फाटकाशी यायची, दोन्ही तळहात समोर धरायची. "मी डॉक्टर नाही हो." मग आत जाऊन दोन मास्क बांधायची, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घ्यायची आणि जायची. प्रत्येक दारात पुन्हा तेच वाक्य म्हणायची, आणि मग आत शिरायची. आकडा पाहायची, पालथं झोपवायची, दवाखान्यात फोन लावत बसायची. आकडा फार खाली असला की माझ्या बाबांना हाक मारायची.

काकू दारात आडवी उभी राहायची. "तू कोण लागून गेलीस? तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही आई."

"मग?"

ती मास्कची गाठ घट्ट करून बाजूनं निघायची. एकदा गच्चीवर मीही विचारलं, "ताई, तू काहून जातं? तुले झालं तं? तुले तं चीनले जायचं हाये."

तिनं ब्रशचे केस बोटांनी सारखे केले. "अरे, त्यांना माहीत आहे मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "आजीलासुद्धा माहीत आहे. पण कोणी तरी आत यावं असं वाटतं ना माणसाला. नुसतं फाटकावरून विचारून नाही भागत."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलं आहे असं नाही.

मागच्या ओळीतल्या एका घरात एक म्हातारे बाबा होते, भाताच्या गिरणीत हमाली करून थकलेले. त्यांचा आकडा घसरत होता आणि ते खाटेचा दांडा धरून बसले होते. "नाही येत. तिथं गेलेला मानूस प्लास्टिकच्या पोतडीत बांधून येते. मले माह्या घरी मरू द्या." मुलगा रडत होता. माझे बाबा ऑटो चालू ठेवून बाहेर उभे, मी त्यांच्याजवळ. ताई खाटेसमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता ती तळहात समोर धरणार.

तिनं त्यांचा हात धरला. "बाबा, मी कोण आहे?"

"डॉक्टरीन हायेस नं तू. चीनची."

"हो. मी डॉक्टरीण आहे. आणि मी सांगते, तुम्हाला काही होत नाही. उठा."

म्हातारे बाबा उठले. आयुष्यात एकदाच तिनं ते म्हटलं, आणि परत येताना ऑटोत ती माझ्याकडे पाहतच नव्हती. "खोटं बोलले रे," एवढंच म्हणाली. ते बाबा दवाखान्यातून चालत घरी आले. अजून आहेत.

ती आजारी पडली ती त्यानंतर लवकरच. कोणाच्या घरून आणलं ते कोण सांगणार. ती सगळ्यांच्याच घरी गेली होती. बालाघाटला जागा मिळाली नाही, गोंदियाला मिळाली. अॅम्ब्युलन्समध्ये चढताना तिनं मला बोलावलं. मी जवळ जायला लागलो तर हातानंच लांब थांबवलं.

"उद्याच्या वर्गाचं बाईंना कळव. मी शिकवलंय तुला ते वाक्य."

हो, शिकवलं होतं. 'था पिंग ल.' ती आजारी पडली. गच्चीवर पाण्यानं लिहून घेतलेलं, पाच-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी काकांनी दिलेल्या तिच्या जुन्या मोबाईलवर तिचा वर्ग उघडला आणि तेवढं बोललो. पलीकडच्या बाईंनी हळूहळू, एकेक शब्द सोडवून काहीतरी विचारलं. मला फक्त 'कशी आहे' एवढं समजलं. रोज त्या तेच विचारत, आणि मला येणाऱ्या थोड्या शब्दांतून मी उत्तर देत असे. शेवटच्या दिवशीचं वाक्य मला ताईनं शिकवलेलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी कॅमेरा बंद केला. वर्गातली बाकीची मुलं, कुठल्या कुठल्या देशांतली, तशीच बसून राहिली. कोणी वर्ग सोडून गेलं नाही.

गोंदियाहून तिला घरी आणू दिलं नाही. काका एकटे जाऊन आले. गल्ली फाटकापर्यंत येऊन थांबली, कारण त्या दिवसांत पुढे जायचं नव्हतं. ते गिरणीवाले बाबा मात्र काठी टेकत आले आणि फाटकाला हात लावून उभे राहिले. "डॉक्टरीन गेली माही," ते म्हणाले. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी काही दुरुस्ती केली नाही.

पुढचं वर्षभर मी त्यांच्या गच्चीवर गेलो नाही. कॉलेज उघडलं होतं. कधी भाजी, कधी औषधं आणून द्यायला जायचो, तेव्हा काका पेपर वाचत असायचे आणि काकू आत. तिचा मोबाईल काकांनी बंद केला नव्हता. चार्ज करून टेबलावर ठेवत.

एका दुपारी काकांनी मला हाक मारली. मोबाईल त्यांच्या हातात होता आणि चष्मा कपाळावर. "काही तरी आलंय. सगळं चिनीत आहे. तुला थोडं येतं ना?"

मला थोडंच येतं. मी ओट्यावर बसलो, ओळखीची अक्षरं धरून धरून वाचलं, अडलेली मोबाईलमध्ये शोधली. विद्यापीठाच्या ऑफिसचा निरोप होता. ती गेल्याचं बाईंना ठाऊक होतं, पण ऑफिसनं तो बाहेरदेशीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवला होता. वर तिचं नाव होतं, तिकडच्या तीन अक्षरांत. मी दोनदा वाचलं, चूक होऊ नये म्हणून.

"काय आहे?"

"काका," मी म्हणालो, "विद्यार्थ्यांना परत येता येईल म्हणून लिहिलंय. व्हिसा मिळणं सुरू होणार आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मोबाईल माझ्या हातून घेतला आणि न समजणारी ती अक्षरं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग आतल्या दाराकडे तोंड करून, पूर्वी बोलत तशाच आवाजात म्हणाले, "अगं, ऐकलंस का? परवानगी आली तिची."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"कधीपासून?" काकूनं आतून विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मोबाईल घेतला आणि ती ओळ शोधली.

"पुढच्या महिन्यापासून, काकू."