आक्का ‘येते’ म्हणाली होती

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घराचा उंबरा आता रस्त्याच्या खाली गेला आहे. रस्त्यावर डांबरावर डांबर चढत गेलं आणि घर जागच्या जागी राहिलं. मोठा पाऊस झाला की पाणी आत शिरतं. पोरं म्हणतात, जोतं उचलून घेऊ, नवी फरशी घालू. मी नको म्हणते. का नको, ते कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता ऐंशी उलटली, तर सांगून टाकते.

माझी आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पुढच्या सोप्यात आप्पांचे, म्हणजे आमच्या वडलांचे, दोन हातमाग होते, खड्ड्यातले. एकावर गडी बसायचा, एकावर आप्पा. खड्ड्यात पाय सोडून ते पावड्या दाबायचे, धोटा इकडून तिकडं पळायचा, आणि आक्का त्यांच्या अंगाला भिंतीला टेकून सुताच्या कांड्या भरत असायची. तिला दुसरी जागा नकोच असायची. मान वर न करता ती म्हणायची, “आप्पा, तार तुटली.” आप्पा माग थांबवून बघायचे तर खरंच, एवढ्या तारांत कुठंतरी एक तुटलेली. आई विचारायची, “तुला कसं गं कळलं?” आक्का म्हणायची, “आवाज उसवला.”

मागाचा आवाज तिला पांघरुणासारखा होता. दुसरे आवाज मात्र सोसायचे नाहीत. भांडं पडलं की दोन्ही हात कानावर. नवीन लुगडं नेसवलं की रडायची, म्हणायची मुंग्या चावतात. आई बिचारी तिचं लुगडं आधी स्वतः दोन महिने नेसून मऊ करून द्यायची. वासाचंही तसंच. घरात आत्ती होती, आप्पांची विधवा बहीण. ती सकाळी मिश्री लावायला बसली की आक्का परसात जाऊन ओकायची. आत्तीला ते लागायचं. “माझ्या तंबाकूची शिसारी येती व्हय गं तुला? महाराणी कुठली!” आक्का सरळ सांगायची, “व्हय, येती.” तिच्या मनात टोमणा नसायचा. विचारलं म्हणून सांगितलं.

आणि ती तोंडाकडं बघायची नाही. कुणाच्याच. हाताकडं बघायची, पायाकडं बघायची. माणसं चालण्यावरून ओळखायची, घरं पायरीवरून. “ती खोल उंबऱ्याची मावशी,” असं म्हणायची. एकदा मी तिची हनुवटी धरून म्हटलं, “माझ्याकडं बघ की, मी बोलतेय तर.” तिनं डोळे गच्च मिटले आणि जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“तोंड एक बोलतंय, डोळं दुसरंच बोलत्यात. दोन माग एकदम चालल्यागत. मग मला एक बी ऐकू येत न्हाई. म्हणून मी खाली बघून एकच ऐकते.”

माझी पणती गावातच पलीकडं, अनगोळला असते. मिक्सर लावला की ती कान झाकून पलंगाखाली जाते. तिच्या आईनं मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाव वाचून दाखवलं, अ‍ॅस्पर्जर. या मुलांना जग असं दिसतं, असं ऐकू येतं, बोललेला शब्द ती अक्षरशः धरतात, असं बरंच सांगितलं. मी ऐकत होते. नात म्हणाली, “आजी, तुम्हाला कळलं का?” मी म्हटलं, कळलं गं. सत्तर वर्षं उशिरा कळलं.

शब्दाचं म्हणाली ना, तिथंच सगळं आहे. आपल्या घरात किती शब्द उलटे असतात ते तुम्ही कधी मोजलंय? बांगडी फुटली की आपण म्हणतो वाढली. तांदूळ संपले की म्हणतो वाढले. दुकान बंद केलं की वाढवलं. आणि निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. आपल्याला यात काही वाटत नाही. आक्काला हे घर म्हणजे फसवाफसवी वाटायची. आई म्हणायची, “तांदूळ वाढलं गं,” आणि आक्का डबा उघडून आत बघायची, रिकामा. मग आईच्या हाताकडं बघत राहायची.

शेजारीण निघताना ‘येते हं’ म्हणाली की आक्का पाट उचलू द्यायची नाही. “येते म्हणालीया. आली तर कुठं बसंल?” आम्ही हसून हसून लोळायचो. दिवे लागेपर्यंत पाट तसाच.

ती स्वतः मात्र खरं तेच बोलायची. निघताना म्हणायची, “जाते.” आईनं चापट मारली, आत्तीनं चिमटे काढले. आक्का म्हणायची, “जायलेय न्हवं मी?” घरात चालून गेलं. घराबाहेर तिला कोण जाऊ देत होतं?

पण जर्मनची दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि सूत मिळेना. आमचे दोन्ही माग उभे राहिले. घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आक्काचं पांघरूणच गेलं. ती हात चावायला लागली. मग एक दिवस उठून चालायला लागली, आणि जिथं माग वाजत होता तिथं जाऊन बसली. गल्लीच्या टोकाला एक कानडी कोष्टी होता, त्याच्याकडं थोडं सूत होतं. त्याच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणत असू. अव्वानं कांड्यांची टोपली पुढं सरकवली. आठ-पंधरा दिवस आक्का तिथं सुखात होती.

तो कोष्टी तापानं पडला. माग थांबला. आता इथं आवाज नाही म्हटल्यावर आक्का उठली आणि त्याच्या अंथरुणापाशी उभी राहून म्हणाली, “जाते मी.”

तिसऱ्या दिवशी तो गेला.

गल्लीत काय झालं ते सांगायला नको. जीभ काळी म्हणाले. अंगात कुणीतरी आहे म्हणाले. देवर्षी आणला, त्यानं तिच्या तोंडासमोर धूर धरला आणि ती अशी किंचाळली की सगळ्यांची खात्रीच पटली. आमच्या दारातून जाताना बायका पदर तोंडावर घ्यायच्या. सूत वाटून घ्यायची वेळ आली की आप्पांचं नाव मागं पडायला लागलं. आत्ती आप्पांना म्हणाली, “हिला कुठंतरी देऊन टाक. न्हाईतर धाकटीला बी कोण करनार न्हाई.” धाकटी म्हणजे मी. आई हातापाया पडली. शेवटी आप्पा म्हणाले, “माणसागत बोलाय शिकली तर राहूदे घरात.”

ते शिकवायचं काम माझ्यावर आलं. मी आठ वर्षांची. आक्का घरात राहणार की जाणार, ते एका शब्दावर, आणि तो शब्द माझ्या हातात.

मी रोज तिला दारात उभी करायची. “म्हण, येते.”

“पण मी जायलेय.”

“जातीस, पण मागनं परत येतीस का न्हाई? मग ते खरंच की.”

तिनं दोन दिवस विचार केला. जेवताना, कांडी धरून, परसात. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बरं. जिथं परत येनार तिथंच म्हणीन.”

मला वाटलं, जिंकले. आई तिला मुद्दाम चार घरी घेऊन गेली, लोकांना ऐकवायला. आक्का प्रत्येक उंबऱ्यावर खाली बघून म्हणाली, “येते.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या चारही घरी हजर! “काल म्हणालते येते. आले.” आणि निघताना परत ‘येते’, की झालं, परवा पुन्हा जाणं आलं. घरं वाढत चालली. दुपारपर्यंत तिच्या फेऱ्या संपायच्या नाहीत. उन्हात तोंड लाल व्हायचं, पाय भाजायचे, पण एक घर चुकवायची नाही. बायका आधी हसल्या. मग वैतागल्या. एक जण म्हणाली, “आगं बाई, नको येऊस. जाते म्हण, पर नको येऊस.” आक्का तिथून घरी येऊन मला म्हणाली, “आता कुठलं म्हणू?”

एका घरी मात्र तिची वाट बघायचे. अव्वाच्या. कपाळ पांढरं झालेल्या बाईच्या दारात कोण जातंय? तिच्या नवऱ्याच्या अंथरुणापाशी जिनं ‘जाते’ म्हटलं होतं, तीच एक रोज जायची. अव्वा म्हणायची, “बा, कूड,” म्हणजे ये, बस, आणि जागा सरकवून द्यायची. तिनंच आक्काला कानडी शब्द दिला. “तुमचं मराटी अर्धं बोलतंय. आमी म्हंतो, होगि बर्तीनि.” म्हणजे, जाऊन येते. आक्का घरी आली ती ते पुटपुटतच. “ह्यात जानं बी हाय, येनं बी हाय. पुरं हाय हे.” त्या दिवशी मी तिला हसताना पाहिलं. तोंड खालीच, पण खांदे हलत होते.

हे सगळं व्हायला वर्ष गेलं, आणि तेवढ्यात आत्तीनं स्थळ आणलं. निपाणीजवळच्या एका गावचा बिजवर. घरची तंबाखू. घरभर, माळ्यावर, परसात, सगळीकडं तंबाखू. आई म्हणाली, “वास तिला सोसायचा न्हाई हो.” आप्पा म्हणाले, “सवय व्हईल.” आप्पा वाईट नव्हते, हे मी आज लिहिते आहे. उभे राहिलेले माग आणि एक धाकटी मुलगी, एवढंच त्यांना दिसत होतं. पण भिंतीआडून मी हेही ऐकलं होतं की सणावारालासुद्धा हिला आणायचं नाही. तिकडंच राहू दे, गल्ली विसरून जाईल.

लग्न लागलं, आणि तिला पाठवायला मोटारस्टँडवर आम्ही सगळे गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार, मागं ती भट्टी धुमसत होती, आक्कानं कान झाकले होते. आत्तीनं मला कोपरानं ढोसलं. नवरी मुलगी जाताना ‘जाते’ म्हणाली तर? मी पुढं झाले. “आक्का, म्हण की.”

आक्कानं विचारलं, “मी परत येनार का?”

मला माहीत होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. मी म्हटलं, “व्हय. येनार.”

तेव्हा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. जन्मात पहिल्यांदा. दोन माग एकदम चालताना तिनं ऐकले असणार, मग खाली बघितलं, म्हणजे तोंडाचंच धरलं, आणि म्हणाली, “होगि बर्तीनि.”

आणि ती आली हो. दुसऱ्या वर्षी माघाच्या थंडीत, दुपारी, उंबऱ्यावर उभी. निपाणीकडून चालत. पाय सुजून नुसते भोपळे. हाताला तंबाखूचा काळा चीक चिकटलेला. अंगावर हाडं. “म्हणालते येते. आले.” आई तिला धरून रडली. तिनं आईला हळूच बाजूला केलं आणि मागापाशी भिंतीला जाऊन बसली. तेव्हा थोडं सूत येत होतं, एक माग चालत होता. चार दिवस ती तिथून हलली नाही. दोनदा ‘तार तुटली’ म्हणाली. आप्पा मान वळवून डोळे पुसत होते, तरी धोटा थांबवला नाही. मला वाटतं, तिच्यासाठीच.

पाचव्या दिवशी तिचा दीर न्यायला आला. तो ओरडला नाही, भांडला नाही. घरची बाई घरी पाहिजे, एवढंच म्हणाला. त्याला उलट बोलणारं आमच्यात कुणी नव्हतं. आक्का उठली. उंबऱ्यावर थांबली. माझ्या ओठांवर आलं होतं, आक्का, म्हणू नको. म्हणालीस तर परत चालत निघशील. ‘जाते’ म्हण आणि सुट. पण आत्ती बघत होती, दीर बघत होता, आणि अपशकुनी शब्द मी कसा सांगायचा?

ती तिचं पुरं वाक्य म्हणाली आणि गेली.

उन्हाळ्यात निपाणीहून पत्र आलं. बाई घरातून निघून पंधरा दिवस झाले, तुमच्याकडं पोचली का? पोचली नव्हती. आप्पा रस्त्यानं विचारत विचारत निपाणीजवळच्या तवंदीच्या घाटापर्यंत गेले. वाटेत हत्तरगीजवळ एका माळकऱ्यानं सांगितलं, एक बाई दिसली होती, मैलाच्या प्रत्येक दगडाला हात लावत चालली होती. तोंड बेळगावकडं. त्याच्या पुढं कुणी काही पाहिलं नाही. पुढं विहिरी बघितल्या, ओढे बघितले.

आप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. आत्तीनं मिश्री सोडली. अव्वा मरेपर्यंत दुपारी दारातली जागा सरकवून बसायची.

मी याच घरात राहिले. नवरा घरजावई आला, पोरं झाली, हातमाग जाऊन यंत्रमाग आले, आमचे तेही बंद पडले. मागाची भिंत मी रंगवू देत नाही. तिथं पाठीचा तेलकट डाग आहे, बसलेल्या माणसाच्या उंचीचा. कधीकधी दुपारी गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, लाईट जाते तेव्हा. त्या शांततेत दाराशी कुणी थांबलंय असं वाटतं. मी उठून बघते. ती जगली असती तर नव्वदीकडं असती. पण ती तोंडं ओळखायचीच नाही, पायरी ओळखायची. उंबरा बदलला तर तिला हे घर कसं सापडणार?

मोठा मुलगा अनगोळहून दर रविवारी येतो. जाताना चप्पल घालता घालता म्हणतो, “आई, यंदा तरी चल तिकडं. पाणी भरतंय हितं.”

मी म्हणते, “येते रं. तू व्हो पुढं.”

त्यालाही माहीत आहे, मी जाणार नाही. आपलं ‘येते’ ते. आक्काचं वेगळं होतं.