लाभ, दोन, तीन

वेढेकाका मोजत असताना कोणी त्यांच्याशी बोललं, तर ते गुंडाळलेली सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. अंधेरीच्या आमच्या कारखान्यावरून विमानं कानठळ्या बसवत जात, त्याचं त्यांना काही नसे. पण मालकांनी "काका, चहा?" म्हटलं की चाळीस वेढे गेलेच. शेवटी मालकसुद्धा चहा खुणेनं विचारू लागले.

काका मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर आमच्याकडे कॉइल गुंडाळायला आले. तेव्हा एका प्रयोगशाळेचं काम चालू होतं. पोकळ पोलादी कड्यात वायू भयंकर तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा आणि तो चुंबकांनी धरून ठेवायचा. तो स्वस्थ बसत नाही; त्याच्या थरथरीनं चुंबकीय क्षेत्र हलतं, ते कड्याभोवतीच्या आमच्या बोटाएवढ्या कॉइलनी टिपायचं. मी नवाकोरा इंजिनीअर. अर्धा तास फळ्यावर समजावलं. काका म्हणाले, "म्हणजे त्येच्या अंगात वारां येता, आणि आपण नाडी बघूची." माझं व्याख्यान तिथंच आटोपलं.

प्रत्येक कॉइलला बरोबर पन्नास वेढे हवे होते. अर्ध्या कॉइल मी येण्याआधीच झाल्या होत्या. उरलेल्या तपासायला मी. काका पुटपुटत, "लाभ... दोन... तीन..." शुभ शब्द उच्चारायच्या नादात म्हातारा एक विसरतो, असं मी ठरवून टाकलं. मोजताना विचारायची सोय नव्हती, आणि चूक दाखवायला जीव होईना. म्हणून ते जेवायला गेले की मी प्रत्येक कॉइलला गुपचूप एक वेढा वाढवी. स्वतःवर फार खूश होतो.

महिन्याभरानं प्रयोगशाळेचे साहेब आले. "प्लाझ्मा एकाच बाजूला जास्त थरथरतोय असं दिसतंय. त्या बाजूच्या, म्हणजे अर्ध्या कॉइलमध्ये वेढे जास्त आहेत."

"काका, उद्यापासून पॅकिंगला बसा," मालक म्हणाले.

काकांचा चेहरा एवढासा झाला. मला ते सहन होईना.

"तो वेढा मी वाढवला," मी म्हणालो. "काका एक म्हणतच नाहीत ना!"

"मेल्या, लाभ म्हणजेच एक!" काका उसळले. "भात मापताना पहिल्या मापाक कोण एक म्हणता? तुझ्या कॉलेजात ह्यां शिकवूक नाय?"

साहेब पोट धरधरून हसले. जादा वेढे मीच सोडवले, एकेक करून. काका शेजारी बसून चहा पीत होते.

दोन वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. जाताना तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल त्यांनी माझ्या हातात दिलं.

"लाभ," मी पहिला वेढा घातला. काका पिशवी घेऊन दारात थांबले होते.

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि निघाले. मोजणाऱ्याशी बोलायचं नसतं, म्हणून निरोपाचा एक शब्दही बोलले नाहीत.