इंजिनावर ओतलेलं तीर्थ

“म्हातारा आता थकलाच हाय साहेब, त्याचंच नाव टाकून देऊ,” वर्कशॉपचा सुपरवायझर मॅनेजरला म्हणाला. मी काचेच्या केबिनबाहेर खुर्चीवर बसले होते. दार नीट लागलेलं नव्हतं, म्हणून ऐकू आलं. आत बाबा मॅनेजरसमोर बसले होते आणि हळूहळू मान हलवत होते.

आमची गाडी घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि ती हिंगोलीच्या त्या शोरूममागे बोनेट उघडून उभी होती. फ्यूज बॉक्समध्ये पाणी गेलं होतं. आत पांढरे, वाळलेले डाग होते. मॅनेजरने बाबांना समजावलं की बाहेरून पाणी गेलं असेल तर कंपनीची वॉरंटी लागत नाही. पण डिलिव्हरीच्या आधी इथेच इंजिन धुताना शाम्पूचं पाणी आत गेलं असेल, तर ती शोरूमची चूक, आणि दुरुस्ती शोरूम स्वतः करून देईल. बाबांनी फक्त तशी तक्रार लिहून द्यायची. गाड्या धुणारे म्हातारे मेहबूबचाचा एकटेच होते, त्यामुळे तक्रार कोणावर जाणार हे विचारायची गरज नव्हती. “वरून विचारलं तर आमाला त्यांना काढावं लागंल,” सुपरवायझर म्हणाला, “पण तुमी टेन्शन घेऊ नका सर, तुमचं काम होऊन जाईल.”

ते डाग शाम्पूचे नव्हते. दुधाचे होते. हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सेनगावहून हिंगोलीला न्यावं लागतं. वर्षभर आम्ही एसटीने गेलो. परतताना तिच्यात उभं राहायची ताकद नसायची. एकदा ती बसमध्ये उलटी करून खाली बसली, आणि मी तिच्याजवळ बसण्याऐवजी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण सगळे आमच्याकडे बघत होते. ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांनी निवृत्तीनंतर गाडी घेतली ती याचसाठी. ती घरी आली तेव्हा मी नागनाथाकडे एकच मागितलं, की आईला आता पुन्हा कोणाच्या नजरेसमोर असं बसावं लागू नये.

पूजेसाठी आम्ही औंढ्याला गेलो. तिथलं गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या वाकून उतराव्या लागतात. आईला ते जमणार नव्हतं. ती गाडीतच बसली, मी एकटी खाली उतरले आणि पुजाऱ्यांकडून अभिषेकाचं दुधापाण्याचं तीर्थ बाटलीत घेऊन वर आले. बाबा नारळ आणायला गेले होते. आईने तीर्थ घेतलं आणि म्हणाली, “दोन थेंब इंजिनवर बी घाल गं. चालवतं तर तेच.” मी बोनेट उघडलं. आजूबाजूच्या गाड्यांजवळचे लोक वळून बघायला लागले. एक बाई हसून म्हणाली, “पोरगी इंजिनाला आंघोळ घालून राहिली.” मला कसंतरी झालं. लवकर उरकावं म्हणून मी थेंब मोजत बसले नाही. सगळी बाटली उपडी केली आणि बोनेट बंद केलं.

चौथ्या दिवशी सेनगाव-हिंगोली रस्त्यावर, भर उन्हात गाडी बंद पडली. स्टेअरिंग घट्ट झालं, सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. आईची डायलिसिसची वेळ जवळ आली होती. तिचे पाय सुजलेले होते, श्वास लागत होता. बाबा शोरूमला फोन लावत होते आणि मला मनात एकच वाटत होतं, देवाने माझं ऐकलं नाही एवढंच नाही, त्याच्याच तीर्थाने आमची वाट अडवली. तेवढ्यात भरलेली एक जीप थांबली. पुढच्या सीटवर तांड्यावरच्या दोन बायका होत्या. आम्ही काही बोलायच्या आधीच त्या उतरल्या आणि मागे दाटीत जाऊन उभ्या राहिल्या. “त्यांना पुढं बसवा,” एवढंच एक जण म्हणाली. आई दवाखान्यात अर्धा तास उशिरा पोचली, पण पोचली. त्या बायकांची नावं मी विचारली नाहीत. आभारही मानले नाहीत. शब्द जुळवेपर्यंत जीप निघून गेली होती.

आता त्या काचेबाहेर बसून मी स्वतःला समजावत होते. गाडी आईसाठी हवी आहे. मेहबूबचाचांना दुसरीकडे काम मिळेल. मी खोटं बोलत नाहीये, फक्त गप्प आहे. गप्प बसणं मला लहानपणापासून जमतं. इंग्रजी शाळेत मराठी चुकून तोंडातून जाईल म्हणून गप्प, घरी पाहुण्यांत इंग्रजी जाईल म्हणून गप्प. लोक त्याला गुणी मुलगी म्हणतात.

मेहबूबचाचा वर्कशॉपच्या बाजूने आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“बेटी, हे तुमच्या देवाचं पान हाय ना? तुमच्या गाडीत बॅटरीखाली चिकटलं होतं. कचऱ्यात टाकवंना मला.”

आत बेलाचं पान होतं. वाळलेलं, तिन्ही दलं शाबूत, त्यावर दुधाचा पांढरा थर. बाटलीत पान होतं हे मला तेव्हा दिसलंही नव्हतं.

“तुम्ही हे कोणाला दाखवलं?” मी विचारलं.

“कोणाला काहून दाखवू? तुमचं हाय, तुमालाच देतो.” ते वळले, मग थांबून म्हणाले, “अम्मीची तबियत बराबर हाय ना आता?”

आत काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. ते पान दाखवून ते सुटू शकले असते. त्यांनी ते जपून माझ्या हातात आणून दिलं. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण मी खाली उतरून ज्याच्यापुढे डोकं टेकवलं होतं, त्यानेच कोणाच्या तरी ओल्या हातांनी माझं तीर्थ मला परत केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

पुढे सगळं सोपं झालं असं नाही. दुरुस्तीचे पैसे आम्हालाच भरावे लागले. बाबा चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये राहिली आणि आई पुन्हा जीपने, एसटीने गेली. एकदा तिला परत उलटी झाली. त्या वेळी मी तिच्याजवळ खाली बसले, लोक बघत होते तरी. माझं मागणं नागनाथाने पुरं केलं नाही. मी मात्र आता काही मागायला गेले की आधी थोडा वेळ नुसती बसते, त्याला काय हवं ते कळतं का बघते. बऱ्याचदा कळत नाही. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मेहबूबचाचा ती पुसत होते. म्हणाले, “देवाचं पानी बाहेरून शिंपडत जा बेटी, आत न्हाई.” बाबासुद्धा हसले. मी घरी येऊन पुष्कळ रडले, का ते सांगता येणार नाही.

त्या दिवशी मात्र बाबांनी पेन उचललं होतं. मी कागदाची घडी हातात धरून उठले, दार ढकललं. तिघांनी वर बघितलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की मॅनेजरने “काय?” म्हणून विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

“बाबा, सही करू नका. बोनेट उघडून तीर्थ मी ओतलं होतं. चाचांनी काही केलेलं नाही.”