हुलग्यावरून गेलेली गाडी

गाडी घेतली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. या वयाच्या पुरुषाला आपण अजून रांगडे आहोत असं कुणीतरी सांगावं लागतं. ते काम त्या गाडीनं केलं. तशी ती साधी छोटी घरगुती गाडीच. मागं सामानासाठी लांबवलेली, जमिनीपासून चार बोटं उंच, दोन्ही अंगांना जाड काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, टपावर दांड्या आणि पुढं दोन जादा पिवळे दिवे. अंबत्तूरच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली की लोक वळून बघत. कारखान्यातला एक सहकारी म्हणाला, गाढवानं वाघाचं कातडं पांघरलंय. मला त्याचा राग आला. राग आला, कारण संरक्षण खात्याच्या कारखान्यात वीस वर्षं यंत्रांशी झटणाऱ्या मला ते त्याच्याआधी कळायला हवं होतं.

तरी गाडी मी उगाच घेतली नव्हती. माझे सासरे तंजावरकडचे मराठी, तिरुवल्लिकेणीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणत असे. पाच वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली आणि तेव्हापासून ते आमच्याकडेच राहत. त्यांची थोरली बहीण, अक्का, उत्तिरमेरूरच्या पुढं एका खेड्यात मुलाकडे राहायची. मामा तीन वर्षांचे असताना आई गेली आणि अकरा वर्षांच्या अक्कानं त्यांना वाढवलं. आता ती ऐंशी ओलांडलेली, जागेवरून उठता न येणारी. ऐकू येत नसल्यामुळं फोनचाही उपयोग नव्हता. बस हमरस्त्यावर सोडायची. तिथून आत चार-पाच मैल तळ्याच्या बांधावरून कच्चा रस्ता होता, आणि भाड्याचे गाडीवाले तो रस्ता ऐकूनच नाही म्हणायचे.

मामा कधी काही मागत नसत. फक्त सणावाराला, जेवून हात धुताना, आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणत, "अक्काला एकदां पाहून आलों असतों." पाच वर्षं हेच वाक्य ऐकत होतो. दोघांपैकी कोण आधी जाईल हे सांगता येत नव्हतं, आणि ही भेट राहिली तर ती आमच्या घराला कायमची लागून राहील असं माझ्या बायकोला वाटत होतं. मलाही वाटत होतं. म्हणूनच मी ही उंच गाडी निवडली, चाकांची खुर्ची घडी करून मागं मावते का हे दुकानातच बघून घेतलं, आणि पोंगल उलटल्यावर एका सकाळी मामांना पुढच्या सीटवर बसवून निघालो. बायकोच्या शाळेत परीक्षा होती, त्यामुळं आम्ही दोघंच होतो.

तांबरम मागं पडलं तसे मामा खुलले. इस्त्रीचं धोतर, खिशात अक्कासाठी जायफळाची पुडी. ती लहानपणी त्यांना जायफळ उगाळून द्यायची, एवढंच त्यांनी सांगितलं. हमरस्ता सोडून आत शिरलो. खड्ड्यांतून, चाकोऱ्यांतून गाडी खरंच नीट चालली. मी उगाच खड्डे न चुकवता जात होतो आणि मामांकडे तिरक्या नजरेनं बघत होतो, त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून. ते म्हणाले, छान आहे गाडी. मला तेवढ्यानं मूठभर मांस चढलं.

मग तळ्याच्या अलीकडे हुलगे लागले. त्या भागात खळं करत बसत नाहीत. कापलेले हुलगे, नाचणी सरळ रस्त्यावर पसरतात, येणाऱ्याजाणाऱ्या लॉऱ्या आणि बस त्यावरून जातात आणि मळणी होते. मी ते आधी पाहिलं होतं, पण लांबून. इथं रस्ताभर, शे-दोनशे पावलं, गुडघ्याएवढा वाळलेला थर होता. कडेला सात-आठ माणसं सावलीत बसली होती. आम्हाला बघून एक बाई उठली आणि हात हलवू लागली.

मामा म्हणाले, "थांबा हो जरा. तीं माणसें हुलगे बाजूला सारतील. लहान गाडीला विचारून जावें लागतें."

मी हसलो. म्हणालो, "मामा, ही लहान गाडी नाही." आणि गियर बदलून वर घातली.

अर्ध्यात पोचेपर्यंत मला आवाजावरून कळलं की काहीतरी चुकतंय. वेल पुढच्या चाकांना गुंडाळत होते आणि खालून घासत होते. गाडी मंदावली, चाकं जागच्या जागी फिरली. मी आणखी दाबलं. मग धुराचा वास आला, आणि मी त्याहून मोठी चूक केली. त्या वाळलेल्या थरातच गाडी थांबवली. तापलेला सायलेन्सर बसला काडावर. एखादा शिकाऊ कामगारही सांगू शकला असता पुढं काय होणार ते.

माझ्या दारापाशी ज्वाळा दिसली तेव्हा मी बाहेर उडी मारली. हे मी लपवणार नाही. मी आधी बाहेर पडलो आणि मग मला मामा आठवले. वळसा घालून त्यांच्या दाराशी गेलो तर पट्टा सुटेना. मी बटण सोडून पट्टाच ओढत होतो, आणि मामांच्या उजव्या हाताला ते बटण गवसत नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात तीच हात हलवणारी बाई मला ढकलून आत वाकली, कमरेचा विळा काढून तिनं पट्टा कापला आणि आम्ही दोघांनी मामांना उचलून बांधावर नेलं. बाकीच्यांनी गाडी ढकलत मोकळ्या जागेवर आणली, माती टाकली, तळ्यातून घागरी आणल्या. गाडी वाचली, पण लगेच चालवण्याजोगी राहिली नव्हती. जिच्यामुळं ती रांगडी दिसे ती काळी पट्टी मात्र सगळ्यात आधी वितळली आणि लोंबायला लागली.

गाडीच्या मागं हुलगे जळत होते. ते हुलगे त्याच बाईचे होते. आधी माणूस, मग गाडी, आणि आपलं पीक शेवटी, असा क्रम त्या लोकांनी न बोलता लावला होता. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये भरपाईचं काहीतरी बडबडलो. ती म्हणाली, ते नंतर बघू, म्हातारे कुठं निघालेत? मी गावाचं आणि अक्काच्या मुलाचं नाव सांगितलं. अजून दोन मैल होते. मी म्हणालो, आता कसंतरी परत जातो, पुन्हा कधीतरी येऊ. मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीच्या मागून खुर्ची काढली.

त्या वाटेवर खुर्चीची चाकं रुतली असती. कुणीतरी जवळच्या झोपडीतून काथ्याची बाज आणली, चौघांनी खांदा दिला. मामांना तिच्यावर निजवत होते तेव्हा ते म्हणाले, "निजवून नेऊं नका मला. अक्का लांबून पाहील."

कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. चौघांच्या खांद्यावर आडवा माणूस कसा दिसतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना बाजेवर बसवलं. पण त्यांच्या डाव्या अंगात जोर नव्हता, ते कलंडत होते. म्हणून मी बाजेच्या बाजूनं, हात वर करून, त्यांची पाठ तोलत चाललो. दोन मैल. हात बदलायला जागा नव्हती. त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास होता, आणि सदऱ्याखाली हाडं लागत होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी या माणसाच्या पाठीला कधी हात लावला नव्हता. मी वाटेत रडलो. खांदेकऱ्यांनी पाहिलं असेल. ती बाई घडी केलेली खुर्ची डोक्यावर घेऊन पुढं चालत होती.

अक्का ओसरीवर बसली होती. आम्ही वळणावर दिसलो तशी तिची मान उठली. बाज खाली ठेवली, मामांना खुर्चीत बसवून तिच्यासमोर आणलं. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, डाव्या हाताची आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली. मग तिची नजर त्यांच्या सदऱ्यावरच्या काजळीवर गेली, माझ्या काळ्या हातांवर गेली. तिनं विचारलं, "कसा आलास रे?"

मी पुढं झालो. सगळं सांगून टाकायचं असं मी वाटेतच ठरवलं होतं, की मामांनी थांबा म्हटलं होतं, ती बाई हात करत होती, आणि मी ऐकलं नाही. मी तोंड उघडण्याआधी मामांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "जावयांनीं आणलें अक्का. फार सांभाळून आणलें."

अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो चुकवता आला नाही. पाच वर्षं ज्या भेटीसाठी त्या माणसानं जीव धरला होता, तिथलं त्याचं पहिलं वाक्य माझी लाज झाकण्यात गेलं.