बायक्काचे पंचवीस शेक

रिसर्चच्या रिपोर्टला पानांची मर्यादा असते, किश्श्यांना नसते. आमचा प्रोजेक्ट संपला, फायली कपाटात गेल्या, आणि रिपोर्टात न मावलेलं सगळं माझ्याकडेच साठून राहिलं. लग्नात, बसमध्ये कुणी भेटलं की मी सुरू होते. घरचे म्हणतात, "झालं, हिची बायक्का निघाली!" निघू दे की. मला ती माणसं फार आठवतात, आणि आठवण काढायची दुसरी रीत मला येत नाही.

प्रोजेक्ट असा होता: धनगरवाड्यांत आणि सांगलीतल्या मुस्लिम मोहल्ल्यात बायकांचा कॅन्सर इतका उशिरा का सापडतो ते शोधायचं, आणि तपासणी त्यांच्या दारात न्यायची. सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम प्रमुख, आणि मी फील्डवर फिरणारी.

*

पहिला कॅम्प जिल्ह्याच्या पूर्वेला, एका धनगरवाडीवर. गाडी, नर्स, बॅनर, बिस्किटांचे पुडे, सगळा सरंजाम घेऊन पोचलो, तर घरोघर कुलपं! दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. पारावर एक आजोबा आणि दोन कुत्री.

"बाया व्हय? त्या गेल्या मेंढरांमागं कोकणात. आता मिरगाला येत्याल."

मॅडमचा चेहरा पडला. "आजोबा, आम्ही महिन्यापूर्वी पत्र पाठवलं होतं!"

"आलंय की. पर वाचणारी बी मेंढरांमागंच हायती!"

परतताना सांगली जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सुनंदा, आपण वेळापत्रक केलं, पण त्यांना विचारलंच नाही. यापुढे आखणीलाच त्यांना बसवायचं. भागीदार म्हणून."

*

अशा आल्या आमच्या दोन भागीदार. मोहल्ल्यातून शमीमआपा, ब्लाऊज आणि बुरखे शिवणाऱ्या. आणि धनगरवाडीची बायक्का, पन्नाशीची, अंगानं एवढीशी, पण हाक मारली तर तीन रानं ओलांडून जाईल.

भागीदारांचेही फॉर्म भरायचे होते. मी विचारलं, "कायमचा पत्ता?"

"लिवा. दिवाळी झाली की कृष्णेच्या काठानं कराड. मग पाटण. तितं चार मुक्काम. मग कोयनानगरावरनं घाट उतरायचा..."

"बायक्का, पत्ता एकच लिहायचा असतो."

"एकाच जागी ऱ्हाऊन मेंढरं काय खात्याल, तुमचा फॉर्म?"

मी कागद उलटला आणि मागच्या बाजूला सगळी वाट लिहून घेतली. पुढे तोच कागद आमचा नकाशा झाला, आणि आम्ही गाडी घेऊन मेंढरांच्या मुक्कामावर जायला लागलो.

*

मोहल्ल्यात वेगळीच तऱ्हा. शाळेत कॅम्प लावला तर एकही बाई फिरकली नाही. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायला चारचौघांसमोर रांगेत कोण उभं राहणार? शमीमआपा म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मापाच्या खोलीत ठेवा ना. दाराला पडदा हाय, आतून कडी हाय. माप द्यायला जाते म्हटलं की घरात कुणी इचारत नाही."

ती खोली दोन महिने भरून वाहत होती. शेवटी एक गृहस्थ दारात येऊन वैतागून म्हणाले, "आपा, ईद तर कवाच झाली. एवढे ब्लाऊज शिवताय कुणासाठी?"

आपांनी मशीनवरून मानही वर केली नाही. "तुमच्या बायकोसाठीच. नीट बसला तर वीस वर्षं टिकंल!"

*

बायक्कानं वाड्यावाड्यावरच्या बायका हाकून हाकून तपासणीला आणल्या. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडं, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा फिरता तळ. एक दिवस मापाच्या खोलीत यादी चाळताना आपांच्या लक्षात आलं की यादीत सगळ्या आहेत, फक्त बायक्का नाही.

"अगं, दुनियेला धाडतीस आणि स्वतः?"

"मला काय झालंय? मी तर घरचीच हाय!"

आपांनी तिला दंडाला धरून पडद्याआड नेलं. आणि रिपोर्ट नेमका तिचाच वाईट आला.

मॅडमनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय. पंचवीस शेक घ्यायचे, रोज एक, आणि मध्येच सोडले तर काही उपयोग नाही. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. बायक्का बोटं मोजत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, ही आता विचारेल, मी जगेन का?

तिनं विचारलं, "पंचवीस दिस? आन् वाडा कवा हलवायचा?"

दिवाळी तोंडावर होती. लग्न होऊन आल्यापासून तिच्याशिवाय वाडा एकदाही हलला नव्हता. धोंडिबा, तिचा नवरा, भिंतीला टेकून उभा होता. तो माणूस तसाही बोलतच नाही. दिवाळी झाली, मेंढरं निघाली, आणि बायक्का शमीमआपांच्या घरी राहायला आली.

*

हॉस्पिटलात तिनं चौथ्याच दिवशी ताबा घेतला. शेकाच्या रांगेत ज्याची मान पडलेली त्याला पुढे, जो चहा पिऊन आलाय त्याला मागे! टेक्निशियन गोंधळून मला म्हणाला, "या बाई कोण? स्टाफ आहेत का?"

"आमच्या भागीदार आहेत," मी म्हणाले.

"मग सोमवारी जरा लवकर पाठवा त्यांना. सोमवारी गर्दी असते!"

पण घरी आली की ती मिटून जायची. रोज दुपारी आपांच्या फोनवरून धोंडिबाला फोन. "आवं, कुठवर पोचलासा?" तिकडून, "हाय वाटंवर." की संपलं! मग ती उंबऱ्यात बसून स्वतःच सांगायची, आता कराड मागं पडलं असंल. आता पाटणला मुक्काम असंल. आता घाट उतरत असत्याल, खाली गवात लय ग्वाड असतंय. आपा ताट वाढून हाका मारायच्या, हिचं लक्ष रस्त्याकडे. मॅडमना एकच धास्ती होती, ही एक दिवस उठून पाटणची एसटी धरणार आणि शेक अर्धवट राहणार. त्या मला रोज विचारायच्या, "आज आली ना?"

*

आणि एकोणिसाव्या शेकाला बायक्का आली नाही.

आपांचा घाबरा फोन. त्या दिवशी त्यांना घाईची ऑर्डर होती म्हणून बायक्काला एकटीलाच रिक्षात बसवून दिलं होतं. रिक्षावाला सांगत होता, बाई नदीकाठच्या रस्त्याला एकदम ओरडल्या, रिक्षा थांबवली आणि उतरून काठाकडे पळत सुटल्या. नदीकाठ ऐकताच मी मॅडमना फोन केला. आपांना स्कूटरवर मागे घेतलं आणि सुसाट निघाले. मॅडम हातातलं काम टाकून गाडीनं आल्या.

काठाला ऊस तुटून गेलेलं एक रान होतं. त्या रानात मेंढरंच मेंढरं! मधोमध बायक्का उभी, पदर खांद्यावरून निसटलेला, आणि तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. समोर धोंडिबा, काठीवर हनुवटी टेकून खाली बघत.

"पन्नास पावसाळं बघितलं, वाट सोडून मेंढरं अशी आडवून धरत्यात व्हय? पोटाला काय घालणार हितं? आन् रोज फोनवर वाटंवर हाय, वाटंवर हाय!"

आम्हाला बघून तिनं पदर सावरला. एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, मग दुसरीच्या. मग डोळे पुसून मॅडमना म्हणाली, "चला, नंबर जाईल." आणि पुढे होऊन गाडीत बसली.

मी मागे राहिले. विचारल्याशिवाय मला राहवेना.

"धोंडिबा, सगळे वाडे घाट उतरून गेले. तुम्हीच का नाही गेलात?"

त्यानं हनुवटीखालची काठी काढून खांद्यावर घेतली.

"काय करायचं ताई," तो म्हणाला, "मेंढरंच जाईनात."